बीकनवर पहिला प्रकल्प करताना

बीकन म्हणजे ठरावीक वेळाने ब्लूटूथ सिग्नल सोडणारं छोटं यंत्र; तो सिग्नल फोनवर पकडून माणूस कुठे आहे ते ठरवायचं. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात एक सत्र म्हणजे जेमतेम 15 आठवडे. त्यामुळे 'अख्ख्या इमारतीत अचूक स्थान' असलं काही हाती घेऊ नका. 'विद्यार्थी ग्रंथालयाच्या कोणत्या खोलीत आहे' एवढंच ठरवा. माणसांच्या हालचाली नोंदवणार असाल तर आयआरबीचा (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचा) अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. सत्रं अडकतात ती तिथेच, कोडमध्ये नाही.

आता बीकन. सिग्नलवरून मीटरमध्ये अंतर काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. 1 मीटरवर -59 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक; आकडा जितका खाली, तितका सिग्नल क्षीण) मिळतात असं धरा. मोकळ्या जागेच्या सूत्राने -71 म्हणजे साधारण 4 मीटर. आता फोन खिशात घालून बीकनकडे पाठ करा. शरीरातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, आकडा -77 वर उतरतो आणि सूत्र सांगतं 8 मीटर. तुम्ही जागचे हललेलाही नसता! म्हणून अंतर सोडा. प्रत्येक खोलीत चारही दिशांना तोंड करून नोंदी घ्या आणि 10-10 सेकंदांतल्या आकड्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढून त्या नोंदींशी तुलना करा.

बीकन डोक्याच्या वर, साधारण अडीच मीटरवर लावा. लोखंडी रॅकला चिकटवू नका. बीकनमधल्या सीआर2032 या बटणासारख्या सेलमध्ये सुमारे 220 मिलिअँपिअर-तासच असतात, तेव्हा दर 100 मिलिसेकंदांना प्रसारण केलं तर तो लवकर बसतो.

अँड्रॉइडवर 30 सेकंदांत 5 पेक्षा जास्त वेळा स्कॅन (बीकनचे सिग्नल शोधणं) सुरू केलं की निकाल गुपचूप बंद होतात, ठळक एरर दिसत नाही. एकदाच सुरू करून चालू ठेवा.