आधी नजर तयार कर

अनेक आशीर्वाद.

जीवरक्षकाची परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली आणि आता पुढे शिकवायचंही मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात पोहण्याच्या वेळेचे आकडे तीनदा आलेत. ते खटकलं.

पट्टीचे पोहणारे पुष्कळ भेटतात, नजर तयार झालेले फार थोडे. बुडणारा हात हलवून ओरडतो, असं सगळ्यांना वाटतं. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं प्रत्यक्ष चित्रीकरण केलं, त्यात दिसलं ते वेगळंच. श्वासच पुरत नाही, तिथे हाक कुठून येणार? तोंड पाण्याच्या रेषेशी खालीवर होतं, दोन्ही हात बाजूला पसरून पाणी दाबत राहतात, शरीर उभं, पाय जवळजवळ स्तब्ध. ही धडपड 20 ते 60 सेकंद टिकते. हातभर अंतरावर पोहणाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

म्हणून तर 10 सेकंदांत आपला टापू नजरेखालून घालायचा आणि पुढच्या 20 सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचायचं, असा दंडक आहे. टापू म्हणजे तळसुद्धा. एकदा माझ्या नकळत कोणीतरी सरावाचा पुतळा तलावाच्या तळाशी सोडला. मला तो दिसला होता. मी त्याला सावली समजलो. पंधरा वर्षांचा अनुभव होता तेव्हा माझा! तेव्हापासून चकाकीचा त्रास असेल तर मी खुर्ची सोडतो, जागा बदलतो. डोळे थकले की पाळी बदलून घे, त्यात कमीपणा नाही.

उडी सर्वांत शेवटी. आधी काठी, दोर, तरंगणारं काहीही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना? तुझा हात त्याला सापडला की ती काडी तू. तो खांद्यावर चढेल आणि दोघंही खाली जाल. जावंच लागलं तर मागून जा, दोघांच्या मध्ये रेस्क्यू ट्यूब, म्हणजे आपली तरंगणारी लांब नळी, ठेव.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचा मोह लोकांना फार. अजिबात करू देऊ नकोस, उलटी होऊन ती फुप्फुसात जाते. श्वास थांबला असेल तर आधी श्वास द्यायचे (युरोपीय पद्धतीत 5, अमेरिकी पद्धतीत 2, तुझं प्रशिक्षण ज्या पद्धतीचं, तीच धर), मग छातीवर मिनिटाला 100 ते 120 च्या लयीत 30 दाब आणि 2 श्वास, असं आलटून पालटून.

आणखी एक. शिकाऊ मुलं पाण्याखाली दम धरायच्या पैजा लावतात. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वासाची निकड जाणवायच्या आतच शुद्ध हरपते. चांगली पोहणारीच यात जातात. तुझ्या वर्गात हा खेळ पहिल्या दिवशी बंद.

पुढच्या पत्रात वेळेचे आकडे नकोत. न सांगता पुतळा तळाशी सोड आणि तो कितव्या सेकंदाला कुणाला दिसला, ते कळव.