सेनेका वाचायचाय? पत्रांपासून सुरू करा

तत्त्वज्ञान वाचायला घेताना पहिल्याच दिवशी प्लेटोचं ‘रिपब्लिक’ उघडू नका, दमछाक होईल. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने ल्युसिलिअस या मित्राला लिहिलेली पत्रं घ्या. १२४ उपलब्ध आहेत. पहिलंच वेळेबद्दल: किरकोळ वस्तू घेतली तरी माणसं ऋण मानतात, पण दुसऱ्याचा वेळ घेतला की काही देणं लागतो असं कुणालाच वाटत नाही. मोबाइल बाजूला ठेवून वाचा, झोंबेल. दुसऱ्या पत्रात तो सांगतो, मोजके लेखक धरा, रोज एक विचार पचवा. मी वहीत त्याच्याशी भांडतोही. जागा आहेच भांडायला! साधेपणा शिकवणारा हा गृहस्थ स्वतः गडगंज, वर रोमन सम्राट नीरोचा सल्लागार, इ.स. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमाने त्याला जीव द्यावा लागला. तत्त्वज्ञ-सम्राट मार्कस ऑरेलियस नंतर. त्याच्या ‘मेडिटेशन्स’चं पहिलं प्रकरण, म्हणजे आभारांची यादी, शेवटी वाचलंत तरी चालेल.