पत्रावर जावक क्रमांक आहे का, ते आधी पाहा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि दोन वाक्यांवर अडकलो. पहिलं: "विश्रामगृहाचं पत्र ओळखीतून मिळालंय, त्यामुळे राहायचं टेन्शन नाही." दुसरं: "शनिवारी हाफ डे करून दोनला नागपूरहून निघू, संध्याकाळचा चहा चिखलदऱ्यात." सोबत 68 वर्षांची आई, तिचे गुडघे, दोन लेकरं आणि ऑगस्टचा पाऊस. तुम्ही विचारलंय की कोणकोणते पॉइंट करावेत आणि एक रात्र पुरेल का. पॉइंटांचं खाली लिहितो. पण खरं सांगू का, तुमच्या पोस्टमध्ये मला 2022 सालचा मीच दिसलो. असंच पत्र होतं, निघायची वेळही जवळपास तीच. आमच्याकडेही आई होती, फक्त सत्तरीची.

स्वेटर, छत्री, घाटात उलटीची गोळी हे सगळं सोडून देतो. दोन लेकरांच्या बापाला ते काय सांगायचं.

तर पत्र. त्या वर्षी 15 ऑगस्ट सोमवारी आला होता, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. अर्ध्या विदर्भाच्या डोक्यात एकच नाव, कारण आपल्याकडे थंड हवेचं ठिकाण म्हणून आहेच ते एक. ज्या कार्यालयातून पत्र घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, ते कोणत्या गावात आहे तेही सांगत नाही. त्या आठवड्यात मी तिथे तीन चकरा मारल्या. सोमवारी कळलं की साहेब मीटिंगले गेले. मंगळवारी मोहरमची सुट्टी. बुधवारी अर्ज परत, मराठीत लिहून आणा म्हणाले (मी इंग्रजीत टाईप करून नेला होता, ती चूक माझी). शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला एकदाचं पत्र हातात पडलं. साहेबांची सही, गोल शिक्का, माझं नाव, खोली क्रमांक 2, दिनांक 13 ते 14 ऑगस्ट. आणि वर डाव्या कोपऱ्यात "जा.क्र." (जावक क्रमांक, म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदणी नंबर) असं छापलेलं, त्याच्यापुढे मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि 2022.

ती मोकळी जागा मला दिसली होती. मी विचारलंही. बाबू टेबलाचं कुलूप लावता लावता म्हणाले, "जावकवाल्या मॅडम निघून गेल्या जी. उद्या नंबर टाकून मेल करतो. तुम्ही बिनधास्त जा."

उद्या म्हणजे शनिवार. महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही, शनिवारी तलाठ्याकडे जाऊन कुलूप पाहून आलेला माणूस आहे मी. पण त्या वेळी हातात शिक्क्याचा कागद होता, डोक्यात धुकं आणि भजी. कॅलेंडर डोळ्यापुढे आलंच नाही. विकएंडच्या सहलीची मेख इथे आहे. आपल्याला खोली लागते शनिवारी, आणि ती खोली ज्याच्या हातात असते तो माणूस शुक्रवारी संध्याकाळी पिशवी उचलून घरी जातो. त्यानंतर काही बिनसलं तर सोमवारपर्यंत विचारायला कुणी नाही.

आम्ही शनिवारी एकला निघालो, तुमच्यापेक्षा एक तास आधी. अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटर मस्त गेलो. परतवाड्यात गाड्यांच्या रांगेत तासभर गेला, घाटात आणखी. विश्रामगृहाच्या फाटकात पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते आणि झाडांचे नुसते आकार दिसत होते. चौकीदार काका पोतं डोक्यावर घेऊन आले. रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. बॅटरी तोंडात धरून त्यांनी माझं पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बोट त्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"सायेब, यावर नंबर कुठी हाय जी?"

म्हटलं, मेलवर येतोय.

"मंग मेल आला की या ना."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. खोली 2 पुढे दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, आणि नावापुढे जावक क्रमांक, दिनांकासह. त्या खोलीतला ट्यूबलाइट सुरू होता, खिडकीत लहान मुलाचे ओले मोजे वाळत घातलेले. म्हणजे भांडायला समोर कुणी खलनायकही नव्हता. तेही आपल्यासारखेच, फक्त त्यांचा कागद पूर्ण होता.

माझी खरी, सगळ्यात महाग पडलेली चूक यानंतरची आहे. म्हणून एवढं लांबवतोय. काका मला सरळ म्हणाले, "आंधी खोली पाहा. बसस्टँडकडं लॉज हायेत, आता गेले तं भेटन. भांडन उद्या बी करता येते." मी ऐकलं नाही. माझ्याकडे सही होती ना! बाबूचा फोन बंद. ज्यांच्या ओळखीनं पत्र मिळालं होतं ते लग्नात, तिथे बँड वाजतोय, त्यांना माझं ऐकू येत नाही आणि मला त्यांचं. रेंज फक्त फाटकाबाहेरच्या पुलाच्या कठड्याशी यायची, तिथे पावसात उभं राहून मी सतरा फोन लावले. गाडीत आई, बायको आणि पोरगी काचा चढवून बसलेल्या, काचांवर वाफ. हे सगळं तास-सव्वा तास चाललं. सव्वाआठला गावात आलो तर एकही खोली नाही. एके ठिकाणी एरवी दीड हजाराला जाणारी खोली सात हजार सांगितली. मी "विचार करून सांगतो" म्हणालो, तेवढ्यात मागच्या माणसानं पैसे काढून दिले.

मग रात्री नऊला घाट उतरलो. हे करू नका. वाट्टेल ते करा, गाडीत झोपा, देवळाच्या ओट्यावर बसा, पण पावसाळ्यात रात्री तो घाट उतरू नका. हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, लो बीमवर पुढचा दहा फूट रस्ता दिसतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, बायको डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून "पांढरा पट्टा आहे, आहे, आहे, गेला" असं सांगत होती. "गेला" म्हटलं की मी थांबायचो. हा सगळा मेळघाटचा इलाका, वाघ राहू द्या, अस्वल समोर आलं तरी कळलं नसतं. परतवाड्यात एका दुकानावरची खोली मिळाली तेव्हा पावणेबारा झाले होते. आईनं पलंगावर बसून गुडघ्याला तेल लावलं आणि विचारलं, "मग आपण चिखलदरा पाहिलं का रे?"

तो नंबर आला बरं का. रविवार, मग स्वातंत्र्यदिन, मग मंगळवारी पारशी नववर्षाची सुट्टी. बुधवारी 17 तारखेला सकाळी अकरा वीसला मेल आला, जावक क्रमांकासह: आपले दिनांक 13 ऑगस्टचे आरक्षण निश्चित करण्यात येत आहे. तो प्रिंट काढून ठेवलाय मी. कधीकधी पाहुण्यांना दाखवतो.

आता तुमचं. ही माझी त्या वर्षीची गोष्ट आहे आणि बरंच आरक्षण आता ऑनलाइन झालंय, त्यामुळे तुमच्या कार्यालयात असंच होईल असं नाही. पण पत्र कागदाचं असेल तर आज रात्रीच काढून बघा. जावक क्रमांक आणि तारीख आहे का? खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून चौकीदार किंवा खानसाम्याचा उल्लेख आहे का? ती प्रत खरंच वर पोचली का, हे फोन करून थेट चौकीदाराकडून ऐका, बाबूकडून नाही. आणि हा फोन गुरुवारी करा. गुरुवारी काही चुकलेलं निघालं तर शुक्रवारचा पूर्ण दिवस हातात राहतो. शुक्रवारी कळलं तर फक्त चिडचिड हातात राहते. शिवाय पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक अट असते, अधिकाऱ्यांचा दौरा आल्यास आरक्षण रद्द. तुमचा क्रमांक कितीही पक्का असो, त्या अटीपुढे काही चालत नाही. म्हणून मी तर आता सरकारी खोलीच्या नादी लागतच नाही. चार पैसे जास्त देतो, घरगुती राहायची सोय पाहतो, मालकाला अर्धे पैसे आधी पाठवतो आणि पावतीचा फोटो मागून घेतो. काही जणांना हे पटणार नाही. जुन्या विश्रामगृहांचा व्हरांडा आणि खानसाम्याच्या हातची कोंबडी यांची सर कशालाच नाही, हे मलाही मान्य आहे. पण आई सोबत असताना नाही.

दुसरं, दोनला निघणं. नागपूरहून सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहे, शेवटचे तीसेक घाटाचे. लेकरं आणि आई असताना चहाला थांबणं आलंच, म्हणजे घाटाच्या पायथ्याशीच अंधार गाठणार तुम्हाला. माझं ऐकाल तर शनिवारी रात्री परतवाड्यात किंवा अमरावतीत मुक्काम करा. आम्ही नाइलाजानं केलं आणि त्यातून शहाणपण आलं. रविवारी पहाटे सहाला पुन्हा घाट चढलो, रस्ता रिकामा, झाडांतून पाणी ठिबकतंय, आणि वर पोचलो तेव्हा शनिवारी आलेले सगळे अजून झोपलेले. दुपारी एकपर्यंत सगळं बघून, खाली उतरून, रात्री नऊच्या आत घरी. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या. गर्दीच्या दिवशी पोलीस घाटात एकेरी वाहतूक लावतात, तेव्हा नकाशावर विसंबू नका, नाक्यावरच्या शिपायाचं ऐका.

पॉइंट. ऑगस्टमध्ये पॉइंट मोजायला जाल तर निराश व्हाल, कारण दहा पॉइंटांवर दहा वेळा तेच धुकं दिसतं. दोन निवडा आणि तिथे बसा. पंचबोल म्हणजे प्रतिध्वनीचा पॉइंट, तिथे लेकरांना मोकळं सोडा, हाका मारून मारून घसा बसेल त्यांचा. आईला भीमकुंडाची गोष्ट सांगा, भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि त्यावरूनच कीचकदरा, म्हणजे चिखलदरा, असं तिथे सांगतात. आमची आई पुढची पूर्ण गोष्ट विराटपर्वापासून सांगत बसली, धुक्याकडे कुणी पाहिलंच नाही. गाविलगड मात्र या खेपेला सोडा. किल्ला माझा फार आवडता आहे, पण शेवाळलेले दगड आणि दुखरे गुडघे हे जमत नाही. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो मराठ्यांकडून घेतला तेव्हा त्याचा साथीदार स्टीव्हन्सनच्या फौजेनं तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या होत्या. लक्षात घ्या, तेही डिसेंबरात आले होते. ऑगस्टात नाही.

खवा आणि रबडी खा, गवळ्यांचा भाग आहे. कॉफीचं पाकीट घ्या. आपल्या राज्यात कॉफी पिकते ती इथे, हे नागपूरच्या माणसालाही सांगावं लागतं. मक्याचं कणीस भाजून घेताना मीठ-लिंबू कमी लावायला सांगा, आमच्या पोरीची जीभ सोलली होती.

आणि तुमचं पत्र कच्चं निघालं, खोलीही मिळाली नाही, तर मध्य प्रदेशातलं तामिया डोक्यात ठेवा. सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि पुढे पन्नासेक किलोमीटर, एकूण चिखलदऱ्यापेक्षा जवळच. पातालकोटची दरी वरूनच पाहायची, खाली भारिया आणि गोंडांची गावं आहेत, आईला उतरवायला जाऊ नका. तिथेही सरकारी विश्रामगृह आहे आणि तिथेही पत्र लागतं, म्हणजे तुम्ही समजून घ्या.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो तेव्हा मुद्दाम त्या फाटकाशी गाडी थांबवली. काकांनी ओळखलं. "आला का जी मेल?" म्हणाले. मी तो प्रिंट काढून दाखवला. त्यांनी बॅटरी न लावता, भर उन्हात, डावा कोपरा आधी पाहिला.