जाळीच्या आत, पक्ष्यांच्या सोबत

मागच्या अंकात मी उष्ण कटिबंधातल्या मोठ्या बर्ड पार्कबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे जिथं पिंजऱ्याबाहेर उभं राहून बघायचं नसतं, अख्ख्या बागेवरच जाळी असते आणि आपणच आत शिरून पायवाटेनं फिरायचं, पक्षी डोक्यावरून उडत असतात. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

ताई, आम्ही क्वालालंपूरला दोनच दिवस आहोत. बर्ड पार्कला किती वेळ ठेवू? बहीण म्हणते तासाभरात बघून होतं.

बहिणीचं खोटं नाही, चालत सुटलं तर तासाभरात बाहेर पडता येतं, पण मग बघितलं काय? माझं ऐकाल तर अख्खी सकाळ द्या. हे पार्क १९९१ साली सुरू झालं, तिथल्या बोटॅनिकल गार्डनला लागूनच आहे, जवळपास २१ एकर जागा आणि २०० पेक्षा जास्त जातींचे मिळून तीनेक हजार पक्षी. चार भाग आहेत, त्यातले पहिले दोन म्हणजे मोकळं उडणाऱ्या पक्ष्यांचे, तिसरा धनेशांचा (म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिलचा) आणि चौथ्यात वेगवेगळे पिंजरे. बहुतेक लोक पक्ष्यांच्या कसरतींचा शो गाठायच्या नादात पहिले दोन भाग पळत पार करतात, आणि खरी मजा तिथंच आहे हो.

सकाळी ९ ला दार उघडतं तेव्हाच पोचा. तिथं सूर्य सात-सव्वासातला उगवतो, त्यामुळे नऊला अजून हवा बरी असते, पक्षी खात असतात, भांडत असतात, काड्या गोळा करत असतात. साडेअकरानंतर ऊन चढलं की तेही सावलीला जाऊन चोच उघडी टाकून बसतात आणि आपणही घामाघूम. दुपारी चारनंतर पुन्हा हालचाल सुरू होते पण तोपर्यंत पावसाचा भरवसा नसतो.

आणि एक गोष्ट नक्की करा, पाण्याजवळचा एखादा बाक पकडून वीस मिनिटं नुसतं बसा. मोबाईल आत. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग ज्या झाडाकडे तुम्ही रिकामं म्हणून बघत होतात ना, त्यात एक घरटं दिसायला लागतं, मग दुसरं, मग कळतं की अख्खं झाडच भरलेलं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळं बघायचं म्हणून नुसती चालत होते, दुसऱ्यांदा पाय दुखले म्हणून बसले आणि एक करकोचा एकच काटकी चार वेळा वेगवेगळ्या जागी खोचून बघत होता, मनासारखी बसेचना त्याला. तो मला अजून आठवतो, पहिल्या फेरीतलं मात्र फारसं काही आठवत नाही.

आईचे गुडघे दुखतात, वय ७२. तिला झेपेल का?

झेपेल, पण पूर्ण फेरीचा हट्ट नको. अशी पार्कं बऱ्याचदा टेकडीच्या उतारावर असतात, रस्ते पक्के असले तरी चढउतार असतोच आणि दमट हवेत शंभर पावलंसुद्धा जास्त वाटतात. आत गेल्यावर नकाशा घेऊन सरळ विचारा की व्हीलचेअर मिळते का आणि सपाट वाट कुठली. आईंना मोकळ्या भागातल्या तळ्याकाठी सावलीत बसवा, पाण्याची बाटली द्या, टोपी हवीच (उन्हासाठी आणि वरून पडणाऱ्या प्रसादासाठीसुद्धा, झाडाखाली बसायच्या आधी एकदा वर बघायचं). तुम्ही बाकीचं फिरून येईपर्यंत त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पक्षी बघितलेले असतील, हे मी अनुभवानं सांगते.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि पक्षी जवळ आला की रडतो. तिकडे तर म्हणे पक्षी वाटेतच फिरतात. न्यावं की नको?

न्या, पण जबरदस्ती करून नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा, तुमच्या कमरेएवढा करकोचा त्याच्या तोंडासमोर येतो, एवढी लांब चोच! भीती वाटणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही आणि 'अरे काय घाबरतोस' असं तर अजिबात म्हणू नका.

जायच्या आधी घरीच त्याला सांगून ठेवा की आत शिरताना दोन दारं असतात, पहिलं बंद झालं की मगच दुसरं उघडायचं, कारण पक्षी बाहेर जाऊ नयेत. मुलांना हे दाराचं काम फार आवडतं, ते त्यालाच द्या. मग आत गेल्यावर लगेच पुढे नाही जायचं, दाराजवळच थांबायचं, म्हणजे त्याला माहीत असतं की नको वाटलं तर बाहेर पडता येतं.

दुसरं म्हणजे खाऊ. पक्षी माणसाच्या मागे लागतो तो जवळजवळ नेहमी हातातल्या खाण्यामुळे. बिस्किटाचा पुडा, चिप्स, सगळं बॅगेत आणि बॅगेची चेन बंद. बगळे फार धीट झालेले असतात, टेबलावरची प्लेट सोडत नाहीत. पोपटांच्या भागात जाताना चमकणारी बटणं, कानातलं, चष्म्याची साखळी यांच्याकडे लक्ष ठेवा, त्यांना ओढून बघायची सवयच असते. मोर सहसा अंगावर येत नाही पण पिल्लांसोबत लांडोर असेल तर लांबूनच जा. आणि पळायचं नाही, ओरडायचं नाही, पक्षी समोर आला तर आपण जागीच उभं राहायचं, तो स्वतःच बाजूनं निघून जातो.

कॅसोवरीसारखा (शहामृगासारखाच मोठा, न उडणारा) खरंच धोक्याचा पक्षी, ज्याच्या पायाच्या आतल्या बोटाला दहा-बारा सेंटीमीटरचं नख असतं, तो कायम वेगळ्या मजबूत कुंपणात ठेवतात, मोकळा सोडत नाहीत. हे मुलालाही सांगा, 'जे मोकळे आहेत ते बघूनच सोडलेत' हे कळलं की मोठ्यांनासुद्धा धीर येतो. आणि समजा तरीही तो रडला तर बाहेर या. बर्ड पार्क कुठं पळून जात नाही.

तुम्ही एवढं कौतुक करता, पण मोठा असला तरी पिंजराच ना? उडणाऱ्या जिवाला जाळीखाली ठेवून आपण तिकीट काढून बघायचं हे मला पटत नाही.

तुमचं पत्र मी तीन-चार वेळा वाचलं. खरं सांगते, हा प्रश्न मलाही पडतो आणि तो पडायलाच हवा.

हो, जाळी ती जाळीच. डोंगर ओलांडून जाणाऱ्या पक्ष्याला २१ एकर म्हणजे काही नाही. आणि जिथं जाळी नसते, उघड्या तळ्यात रोहित पक्षी किंवा पेलिकन उभे दिसतात आणि आपल्याला वाटतं किती मोकळे आहेत, तिथं बऱ्याचदा त्यांचे पंख छाटलेले असतात, काही ठिकाणी तर पंखाचं टोकच लहानपणी कायमचं काढून टाकलेलं असतं. म्हणजे दिसायला मोकळा तो उडू शकत नाही आणि जाळीखालचा निदान या झाडावरून त्या झाडावर उडतो. त्यामुळे मला स्वतःला जाळीचं मोठं पार्क जास्त बरं वाटतं.

आता दुसरी बाजू. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरचा खंड्या घ्या, केशरी पोटाचा आणि निळ्या पंखांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतल्या मालासोबत तिथं एक झाडावर चढणारा साप पोचला आणि त्यानं बेटावरचे पक्षी संपवत आणले, १९८० च्या दशकात उरलेसुरले खंड्या पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं ही जात फक्त पिंजऱ्यात जिवंत होती. २०२४ मध्ये त्यातले नऊ पक्षी पामायरा नावाच्या साप नसलेल्या बेटावर सोडले. नऊ म्हणजे काहीच नाही, पण पिंजरे नसते तर शून्य असते. बालीची पांढरी मैना, डोळ्याभोवती निळी कातडी असलेली, ती तर इतकी सुंदर की पिंजऱ्यात पाळायच्या हौसेपायीच रानातून जवळजवळ संपली, आणि आज परत बालीत सोडतात ते पक्षी पाळीव जोड्यांपासूनच वाढवलेले.

पण म्हणून प्रत्येक पार्क पक्षी वाचवतंय असंही नाही. चुका होतात. सिंगापूर-मलेशियाच्या बाजूला मोकळे सोडलेले चित्रबलाक बाहेरच्या, रानातल्या दुर्मिळ मिल्की स्टॉर्क या पांढऱ्या करकोच्याशी जोड्या जमवायला लागले, आणि त्या संकरामुळे आधीच थोडे उरलेल्या मिल्की स्टॉर्कची शुद्ध जात अजून धोक्यात आली. चांगल्या हेतूनंसुद्धा नुकसान होऊ शकतं.

म्हणून मी जाते तेव्हा काही गोष्टी बघते. पक्षी घरटी करतायत का, पिल्लं आहेत का, अंगावरची पिसं नीट आहेत की स्वतःच उपटून टाकली आहेत (कंटाळलेला पोपट तसं करतो), एकाच जागी मान हलवत बसलेला कोणी आहे का, पाणी स्वच्छ आहे का, माणसांपासून लपायला जागा आहे का. आणि हातावर पोपट बसवून फोटो काढायचे स्टॉल असतात तिथं मी थांबत नाही. दिवसभर या हातावरून त्या हातावर जाणाऱ्या त्या जिवाकडे मला बघवत नाही. तुम्हाला जावंसं वाटलं नाही तर नका जाऊ, तो निर्णय पूर्ण आदराचा आहे. पण गेलात तर हे सगळं बघा आणि खटकलं तर तिथल्या माणसांना बोलून दाखवा, त्याचा उपयोग होतो.

धनेश वेगळ्या भागात का ठेवतात? आणि एवढी मोठी चोच जड होत नाही का त्याला?

वेगळे ठेवतात कारण धनेश फळं खात असला तरी अंडी आणि छोट्या पक्ष्यांची पिल्लंही सोडत नाही, लहान पक्ष्यांमध्ये सोडला तर बाकीच्यांची विणीची वेळच संपली. गरुड, घारींचंही तेच.

चोचीवरचं शिंग बहुतेक जातींत आतून पोकळ, हलकं असतं. तरी भार सोसायला मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात. मलेशियाचा राष्ट्रीय पक्षी असलेल्या गेंडा धनेशाचं शिंग पिवळं-केशरी दिसतं ना, तो रंग तो स्वतः लावतो, शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोचीनं घासून घासून! फक्त हेल्मेटेड हॉर्नबिल या जातीचं शिंग भरीव असतं, आणि कोरीव कामासाठी त्याचीच शिकार झाली, २०१५ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

विणीच्या काळात गेलात आणि मादी दिसली नाही तर ढोलीकडे बघा. ती आत बसून दार चिखल-विष्ठेनं लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. आणि तो डोक्यावरून उडताना पंखांचा जो आवाज येतो, तो ऐकायला तरी त्या भागात थांबाच.

फोटो सगळे धुरकट आले. कॅमेरा बिघडला का?

नाही. एसी खोलीतून थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास बॅग बंद ठेवूनच बाहेर राहू द्या, मग काढा, पुसत बसू नका. मागची जाळी दिसू नये म्हणून झूम करून पक्षी जाळीपासून लांब असताना टिपा. फ्लॅश बंद.

सिंगापूरचं जुरॉंगचं पार्क बंद झालं म्हणे?

हो, १९७१ पासून चालू होतं, जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी मे महिन्यात सिंगापूरमधल्याच मंडाईला बर्ड पॅराडाइज नावानं नवीन सुरू झालं. १७ हेक्टर आहे, आत शिरून बघायचे आठ मोठे विभाग आहेत. आधी जुरॉंगला गेला असाल तरी नवीन म्हणूनच बघा. पाऊस आला तर छताखाली थांबा, तिकडची सर जोरात येते पण बऱ्याचदा तासाभरात जाते आणि पाऊस थांबल्याबरोबर पक्षी जे बाहेर पडतात, पंख पसरून वाळवत बसतात, ते बघायला मिळालं तर भिजलात तरी चालेल.

एकच पक्षी बघायचा असेल तर कुठला?

कठीण विचारलंत! मी म्हणेन व्हिक्टोरिया क्राउन्ड पिजन. न्यू गिनीचं कबूतर आहे, पण कोंबडीपेक्षा मोठं, निळसर राखाडी, छाती वांगी रंगाची, डोळा लालभडक आणि डोक्यावर जाळीदार पिसांचा तुरा, प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरी कड. उडायचं फार मनावर घेत नाही, आपल्या सोबत वाटेनं चालतं. थांबलात तर तेही थांबतं. नर मादीपुढे मान खाली घालून वाकतो, शेपटी वर-खाली करतो आणि छातीतून असा खोल घुमणारा आवाज काढतो की तो आधी कानाला नाही, पोटाला कळतो. त्याच्या उंचीला या, म्हणजे सरळ उकिडवे बसा, आणि सूर्य त्या तुऱ्याच्या मागे असेल अशी जागा शोधा.