अख्खा दिवस मागू नकोस

मुली,

कथा चौदाव्या पानावर अडून महिना झाला. घरात वाळवणं सुरू झालीत, पाहुणे यायचेत, आणि तू लिहितेस, "अक्षय्य तृतीया होऊ दे, मग निवांत बसते." त्या "निवांत"चाच मला राग आला. अक्षय्य तृतीयेनंतर लग्नसराई आहे, मग आंबे, मग शाळांची गडबड. अख्खा दिवस मागू नकोस, तो येत नाही. त्याची वाट बघण्यात गेलेल्या वर्षांची हळहळ मला अजून आहे, म्हणून आवाज चढला तर समजून घे.

हिशोब कर. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत साधारण महिना. त्यातले निम्मे दिवस नळाला पाणी येण्याच्या धांदलीत आणि चैत्री एकादशीला पंढरपूरला निघालेल्या पाहुण्यांच्या सरबराईत गेले असं धर. उरले 15. दिवसाला 200 शब्द म्हणजे 3,000. तुझ्या कथेचा कच्चा खर्डा तेवढ्यात उतरतो.

200 शब्दांना चाळीस मिनिटं पुरतात. एप्रिलात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेपाचला बस. नवीन मजकूर त्याच वेळी लिही. दुपारी पारा चाळिशीपार गेल्यावर नवं काही सुचत नाही, तेव्हा फक्त काटछाट कर. बसल्यावर पहिल्या पानापासून वाचायला लागू नकोस, त्यातच चाळीस मिनिटं संपतात. शेवटचं अर्धं पान वाच आणि पुढं चल. आईला "मी लिहितेय" असं सांगू नकोस, "साडेपाच ते सव्वासहा" असं सांग. घड्याळ घरात सगळ्यांना कळतं. आणि सव्वासहाला उठलीस की कुरकुर न करता पदर खोच. ते चिडणं दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरतं.

कुरडईच्या दिवशी पहाट मिळणार नाही, हे मला माहीत आहे. तीन दिवस पाणी बदलत भिजवलेला गहू, रात्रभर निवळलेला चीक. तो उजाडायच्या आत चुलीवर चढायलाच हवा, नाहीतर ऊन वाया जातं. हाटणारा हात थांबला की गुठळ्या होतात, तिथं तुझी गरज आहे. जा. पण सोऱ्या बाजूला ठेवल्यावर गच्चीवर वाळवणाची राखण कुणीतरी करतंच ना? ती तू माग. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बस, पॅडला चार सुटे कागद लाव, पेन्सिल घे. मोबाईल खाली ठेव. चिमण्या हाकलता हाकलता शंभर शब्द होतात. शंभर तर शंभर. अख्खा दिवस मागू नकोस.

तुकड्यांत लिहिलेलं ठिगळासारखं दिसतं, असं तुला कुणीतरी सांगितलंय. मला हे साफ नामंजूर आहे. आपल्या सोलापुरात साखर पेठेतल्या कुठल्याही मागाच्या कारखान्यात जाऊन बघ. ताण्याचा उभा धागा तुटला की माग थांबवतात, गाठ मारतात, पुन्हा चालू करतात. गाठ न मारता विणत राहिलं तर कापडात उभी रेघ पडते. दोष थांबण्याचा नसतो, गाठ न मारण्याचा असतो. तू उठताना "पुढं सुचेल" म्हणून वही मिटतेस, तिथंच धागा सुटतो. उठण्याआधी एक ओळ लिही: "उद्या: सासरा दार उघडतो, त्याच्या हातात काय आहे ते ठरव." एवढी गाठ पुरते.

आता वसंताचं. कडुनिंब मोहरलाय, कंबर तलावाकडं संध्याकाळी पाय वळतात, हे खरंच आहे. जा, फिरून ये. पण तुझी कथा श्रावणातली आहे, तिच्यात कोकिळा घुसवू नकोस. गेल्या पानावर ती घुसलीय, काढ. वसंतासाठी खिशात मावेल अशी वेगळी वही कर आणि तीत "छान वास" लिहू नकोस. कडुनिंबाची फुलं कुठल्या वेळी पायरीवर जास्त पडतात, झाडताना ती केरसुणीला कशी चिकटतात, ते लिही. आत्याचा उजवा खांदा चीक हाटताना किती वेळा थांबतो, ते मोज. पुढच्या वर्षी त्यातून दुसरी कथा निघेल.

उद्या साडेपाचला चौदाव्या पानाचा खालचा अर्धा भाग वाच. सासऱ्याच्या हातात काय आहे ते मला रविवारपर्यंत कळव. बाकी पानं आत्ता पाठवू नकोस.