उत्तर : बल्लोकीला कालवा रावी कसा ओलांडतो?

नकाशात चिनाबकडून आलेला कालवा पाकिस्तानी पंजाबातील बल्लोकीजवळ रावीच्या उजव्या काठाला येऊन संपतो आणि समोरच्या डाव्या काठावरून दुसरा कालवा सुरू होतो. मध्ये पूल नाही, बोगदा नाही, मग पाणी पलीकडे जाते कसे, असे आपण विचारले आहे. या प्रकाराला लेव्हल क्रॉसिंग म्हणतात. कालवा येथे नदी ओलांडत नाही, तो नदीत रिकामा होतो. खाली बंधाऱ्याच्या दरवाज्यांनी अडवलेल्या फुगवट्यात दोन्ही पाणी मिसळते आणि त्याच फुगवट्यातून डाव्या काठचा कालवा आपला वाटा उचलतो. चिनाबचेच थेंब पलीकडे जातात असे नव्हे. जेवढे आत आले त्या हिशेबाने तेवढे बाहेर काढले जाते, इतकेच.

ही मांडणी ब्रिटिशकालीन तिहेरी कालवा योजनेतली आहे. रावीचे पाणी वर माधोपूरलाच अप्पर बारी दोआब कालव्यात वळवले जात असल्याने खालच्या बारी दोआबासाठी (दोआब म्हणजे दोन नद्यांमधला प्रदेश; हा रावीच्या डाव्या बाजूचा) नदीत पुरेसे उरत नव्हते. म्हणून मरालाहून चिनाबचे पाणी अप्पर चिनाब कालव्याने बल्लोकीला आणले आणि चिनाबची तूट अप्पर झेलम कालव्याने भरून काढली. सिंधू जलकरारात (१९६०) रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताच्या वाट्याला गेल्यावर पाकिस्तानने हीच साखळी वाढवली. रसूल–कादिराबाद, कादिराबाद–बल्लोकी आणि बल्लोकी–सुलेमानकी या जोडकालव्यांमुळे झेलमचे पाणी वाटेत चिनाब आणि रावीत शिरून पुन्हा बाहेर पडते आणि थेट सतलजपर्यंत पोहोचते. कादिराबाद–बल्लोकी हा एकच कालवा सुमारे १८,६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला सव्वापाचशे घनमीटरांहून थोडे अधिक पाणी वाहून नेण्याच्या क्षमतेचा आहे. कोरड्या हंगामात बल्लोकीला नदी पाहुणी आणि कालवा यजमान ठरतो, तो यामुळे.

सगळा खेळ फुगवट्याच्या पातळीचा आहे. ती येणाऱ्या कालव्याच्या शेवटच्या भागातील पाण्यापेक्षा वर गेली, तर कालव्यातच पाणी तुंबते, वेग मंदावतो आणि गाळ तेथेच बसतो. उलट ती फार खाली राहिली, तर कालव्याचे पाणी जोराने नदीत कोसळते आणि तळाची धूप मागे मागे सरकत कालव्यात शिरते. म्हणून तोंडाशी काँक्रीटचा धबधबा आणि त्याखाली पाण्याचा जोर मोडणारे कुंड बांधावे लागते. डाव्या काठच्या कालव्यासाठी मात्र पातळी पुरेशी उंच हवी, नाहीतर त्याच्या दरवाज्यांतून ठरलेले पाणी शिरत नाही. या दरवाज्यांचा उंबरठा नदीच्या तळापेक्षा उंच ठेवतात, कारण जड वाळू तळालगत सरकत असते. तरीही जमलेला गाळ बंधाऱ्याच्या कडेच्या खोल दरवाज्यांतून वेळोवेळी सोडून द्यावाच लागतो.

महापुरात हिशेब उलटतो. बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात, नदीला तिची वाट मोकळी होते आणि जोडकालव्याचा प्रवाह घटवला किंवा थांबवला जातो, कारण भरलेल्या नदीत आणखी पाणी ओतण्यात अर्थ नसतो.

मग सायफनच का केला नाही, हा आपला उपप्रश्न रास्त आहे. मैल्सीला तसे केलेलेही आहे : तेथे कालवा सतलजच्या पात्राखालून जातो आणि दोन्ही पाणी वेगळे राहते. पण सायफनला नदीचे पाणी उचलता येत नाही, लेव्हल क्रॉसिंगला ते येते आणि बल्लोकीला रावीचेही जे काही मिळेल ते हवे होते. माझ्या मते त्या काळी हा निर्णय बरोबरच होता. आज त्याची एक किंमत दिसते : लाहोरचे सांडपाणी बल्लोकीच्या वर रावीत मिसळते, त्यामुळे जोडकालव्याचे बरेच स्वच्छ पाणी आधी त्या घाणीला पातळ करते आणि मगच शेताकडे जाते.