तारीख तुझीच ठरव, पण कुणाला तरी सांगून

प्रिय प्रतापनगरच्या मैत्रिणी,

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट रिपोर्ट महिनाअखेर द्यायचा आहे. तू तीनदा वेळापत्रक केलंस, लाल पेननं तारखा टाकल्यास, आणि तिन्ही वेळा त्या नुसत्याच उलटून गेल्या. गाइड मॅडम समोरून दिसल्या की तू जिना बदलतेस. बाबा गावाहून खोलीचं भाडं पाठवतात आणि ‘ताई, मी इथं काहीच नाही करून राह्यले’ या विचारानं तुला झोप लागत नाही. मी आळशी आहे का, आणि स्वतः ठरवलेल्या तारखांचा काही फायदा होतो का, असं तू विचारलंस.

आळशी तू नाहीस. तुझ्याच पत्रात आहे की या महिन्यात तू मैत्रिणीचं प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करून दिलंस, खोली दोनदा धुऊन काढलीस. फक्त रिपोर्टची फाइल उघडली की पोटात गोळा येतो आणि बंद केली की लगेच बरं वाटतं. त्या बरं वाटण्यासाठीच काम पुढे ढकललं जातं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की चालढकलीचं मूळ घड्याळात कमी आणि नकोशा भावनेत जास्त असतं. तू घाबरली आहेस, आणि मॅडमना टाळून ती भीती रोज वाढवते आहेस.

आता तारखांचं. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख या संशोधकांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्गाला तीन निबंधांसाठी सारख्या अंतरानं तारखा दिल्या. दुसऱ्या वर्गाला सांगितलं, तारखा तुम्हीच ठरवा, पण एकदा दिलेली तारीख चुकली तर दिवसाला एक टक्का गुण जातील. सगळं शेवटच्या दिवशी देण्याची मुभा असूनही बहुतेकांनी आधीच्या तारखा घेतल्या, म्हणजे आपला स्वभाव त्यांना ठाऊक होता. तरी सारख्या अंतराच्या तारखा मिळालेल्या वर्गाचेच गुण चांगले आले. एवढ्या एका प्रयोगावर मी सगळं तोलणार नाही, पण तुझ्या वहीत काय कमी होतं ते त्यातून दिसतं. तुझी तारीख चुकली तर काहीच जात नव्हतं, कुणाला कळतही नव्हतं.

म्हणून येत्या सोमवारी मॅडमकडे जा. ‘दर शुक्रवारी चार पानं आणून देते, कच्ची असतील, चालतील का?’ एवढंच विचार. ‘इतके दिवस काय करून राह्यली होतीस?’ असं त्या एकदा म्हणतील. ऐकून घे. त्यानंतरचे शुक्रवार तुला एकटीला सांभाळावे लागणार नाहीत.

काम किती दिवसांत होईल याचा अंदाज मात्र दीडपट धर. 1994 च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील असं सांगितलं होतं, लागले 55 च्या वर. आणि वेळेसोबत जागाही पक्की कर. नागपूरच्या उन्हात दुपारी भाड्याच्या खोलीत डोकं चालत नाही, हे तुला मी काय सांगावं. सकाळी सात ते नऊ, अभ्यासिकेत, मोबाइल बॅगेत. पहिल्या दिवशी निष्कर्षाला हात लावू नकोस. तक्ते आणि आकृत्यांची नावं लिही, ते भीती न वाटता होतं.

मागच्या तीन वेळापत्रकांसाठी स्वतःला कोसणं आजपासून बंद कर. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातल्या 2010 च्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली.

काम सुरू होऊनही झोप परत आली नाही, जेवण जाईना, तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी हेल्पलाइनवर बोल, मराठीतही बोलता येतं.

आणि बाबांचा फोन आला की ‘चालू आहे’ म्हणू नकोस. किती पानं झाली ते सांग.

तुझी,
ताई